सगळ्यात मोठं फिलिंग

धर्माच्या गायीचे दात मोजू नयेत म्हणतात. पण ज्यांचा सगळा जन्म लोकांचे दात मोजण्यात गेला, त्या डॉक्टरांनी निदान सवयीने तरी मोजायला हवे होते. नाही मोजले. म्हणून ती गाडी घरी आली.

डॉक्टर म्हणजे दातांचे डॉक्टर. हमरस्त्यावर औषधाच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर त्यांचा दवाखाना होता. पन्नाशी ओलांडलेली, पोट जरा पुढे आलेलं, चष्म्याचा नंबर वाढलेला, पण हात मात्र स्थिर. या हातांचा त्यांना भारी अभिमान. “माझ्या हाताला थरथर ठाऊक नाही,” असं ते पेशंटचं तोंड उघडं असताना म्हणत, त्यामुळे आजवर कुणी ते खोडून काढलं नव्हतं. पुढची सगळी हकीकत डॉक्टर आता स्वतःच चारचौघांत सांगतात, आणि सांगताना स्वतःला कुठेही सोडत नाहीत. बायकोचं म्हणणं असं, की तरीसुद्धा दोन-तीन गोष्टी ते गाळतात. त्या आपण घालून घेऊ.

तर झालं असं, की एक आजोबा कवळी बसवून घ्यायला आले होते. कवळी झकास बसली. आजोबा आरशात पाहून खूश झाले आणि म्हणाले, “डॉक्टर, आमच्या शेडमध्ये एक जुनी गाडी पडून आहे. हवी तर घेऊन जा. मला तिथे सरपण ठेवायचंय.”

“चालू आहे?”

“चालू होती,” आजोबा म्हणाले.

या ‘होती’वर एखादा शहाणा माणूस थांबला असता. डॉक्टर त्याच संध्याकाळी शेडमध्ये हजर झाले. आजोबांनी ताडपत्री ओढली. खाली एक बुटकी, गुबगुबीत गाडी बसली होती. गोल दिवे, बॉनेटवर चंदेरी पट्टी, आणि रंग एके काळी आकाशी असावा असा. मागच्या सीटवर मांजर व्यालेली होती. पिल्लांनी सीटचा काथ्या बाहेर काढून त्याची गादी केली होती. डॉक्टरांना यातलं काही दिसलं नाही. त्यांना दिसलं ते एवढंच, की खिडकीतून कोपर बाहेर काढून कुणीतरी रुबाबात ही गाडी चालवतंय, आणि तो कुणीतरी म्हणजे आपण. पोट न सुटलेले.

“नेतो,” ते म्हणाले.

आजोबा नव्या कवळीने पहिल्यांदा खळखळून हसले ते यावर. डॉक्टरांना वाटलं, कवळीची फिटिंग किती नैसर्गिक झालीय!

गाडी टोचन लावून आणावी लागली. गल्लीच्या तोंडाशी तिचा सायलेन्सर गळून पडला. तो शेजारच्या वहिनींनी उचलला आणि हातात धरून त्या गाडीमागून घरापर्यंत चालत आल्या. “डॉक्टर, हे तुमचंच ना?” म्हणाल्या. डॉक्टरांनी ऐटीत आभार मानले, जणू त्यांचा रुमाल पडला होता.

डॉक्टरांची बायको मोठ्या हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ होती. ऑपरेशनआधी पेशंटला गुंगी देणं हे तिचं काम, त्यामुळे बोलणं कमी आणि नेमकं. ती ड्युटीवरून आली तेव्हा दारात हा ऐवज उभा. तिने खांद्यावरची पर्ससुद्धा न उतरवता गाडीला एक फेरी मारली, दोन ठिकाणी बोटाने टिचकी मारली, वाकून खाली पाहिलं, मग नवऱ्याकडे पाहिलं.

“नातेवाईकांना कल्पना दिलीय का?” ती म्हणाली.

“अगं, येत्या उन्हाळ्यात आपण हिच्यातून फिरायला जाणार.”

कुठल्या येत्या उन्हाळ्यात, ते त्यांनी सांगितलं नाही. या सगळ्या प्रकरणात त्यांनी दाखवलेली ती एकमेव हुशारी.

घरात तिसरं माणूस म्हणजे सासूबाई. सासरे गेल्यावर त्या लेकीकडे राहायला आल्या होत्या. उभं आयुष्य त्यांनी शाळांचे गणवेश शिवले होते. शिलाई मशीन बरोबर आणलं होतं, पण शिवायला काही उरलं नव्हतं. घरातले सगळे पडदे, उशा, अभ्रे शिवून झाले होते. मिक्सरलासुद्धा झबलं झालं होतं. जावयाशी त्यांचं बोलणं ‘जेवलात का’ आणि ‘हो आई, जेवलो’ या दोन वाक्यांच्या पुढे फारसं गेलं नव्हतं. दोघंही एकमेकांना फार मान देत, म्हणजे टाळत.

सासूबाईंनी गाडीच्या खिडकीतून आत डोकावून पाहिलं. “या सीटांचं काय करणार?”

“टाकून देऊ आई. नव्या आणू.”

“टाकता कशाला? द्या इकडे.”

त्या दिवसापासून सीटा सासूबाईंच्या खोलीत गेल्या, आणि मशीनचा आवाज पुन्हा सुरू झाला.

डॉक्टरांचा सिद्धांत साधा होता. “गंज म्हणजे काय? पत्र्याची कीड. कीड खरवडायची, खड्डा भरायचा, घासून चकचकीत करायचा. मी जन्मभर दुसरं काय करतोय?”

“तुझे पेशंट खड्ड्यांतून साठच्या वेगाने धावत नाहीत,” बायको म्हणाली. “आणि ते स्वतःच्या पायाने येतात.”

डॉक्टरांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि सुट्टीच्या दिवशी सकाळीच दवाखान्यातली हत्यारं घेऊन खाली उतरले. दात टोकरायची आकडी त्यांनी दाराखालच्या पत्र्यावर हलकेच टेकवली. आकडी आत गेली. मग आकडीमागून बोट गेलं. मग हात. शेवटी आतला सडका गालिचा उचलला तर खाली चक्क गवत दिसलं, आणि त्या गवतात डॉक्टरांची चप्पल.

“खिडक्या चार होत्या,” वरच्या गॅलरीतून बायको म्हणाली, “आता पाच.”

पण डॉक्टर खचणारे नव्हते. त्यांनी पुट्टीचे डबे आणले. पुढच्या डाव्या मडगार्डला भाकरीएवढं भगदाड होतं. आत जाळी बसवून त्यांनी ते थरावर थर देऊन भरलं. एक थर वाळला की दुसरा, तो वाळला की तिसरा. मडगार्डची गोलाई त्यांनी दाढेचा उंचवटा कोरायच्या सुरीने कोरली. बारीक कागदाने घासलं. शेवटचा हात तर दात चमकवायच्या रबरी चकतीने मारला. काम इतकं देखणं झालं, की कुठे पत्रा संपतो आणि कुठे पुट्टी सुरू होते ते हात फिरवून कळत नव्हतं. त्यांनी बायकोला हात फिरवायला लावला. सासूबाईंना लावला. वहिनींना दार वाजवून बोलावून आणलं आणि त्यांनाही लावला. मग फोनमध्ये फोटो काढून ते दवाखान्यात पेशंटांना दाखवू लागले. पेशंटांचं तोंड उघडं, त्यात कापसाचे बोळे. सगळे ‘आँ’ म्हणत. डॉक्टर त्याला दाद समजत.

“माझ्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं फिलिंग,” ते म्हणत.

मग एके दिवशी चाक काढायचं ठरलं. डॉक्टरांनी जॅक लावला आणि फिरवू लागले. फिरवताना कुर्रकुर्र असा आवाज येत होता, कुणी कडक टोस्ट चावावा तसा. डॉक्टरांना वाटलं, जॅकला तेल हवंय. ते फिरवत राहिले. जॅक वर वर जात होता, पण गाडी तिथेच होती. थोड्या वेळाने आत डोकावून पाहतात तर जॅकचं मुंडकं ड्रायव्हरच्या जागेतून वर आलेलं. जणू तोच गाडी चालवायला बसला होता.

डॉक्टरांनी घाबरून जॅक एकदम सोडला. जॅक धाडकन खाली आला, सगळी गाडी हादरली आणि त्या धक्क्याने मडगार्डचं ते जगप्रसिद्ध फिलिंग अख्खंच्या अख्खं सुटून जमिनीवर पडलं. तुटलं नाही. तडाही गेला नाही. काम पक्कंच होतं. फक्त ज्याला धरायचं, ते धरण्यासारखं नव्हतं.

“पडली का दाढ?” गॅलरीतून आवाज आला.

सासूबाई बाहेर आल्या, त्यांनी तो तुकडा दोन्ही हातांनी उचलला, वजन पाहिलं. “कापड बेतताना वर ठेवायला बरं आहे,” म्हणाल्या आणि घेऊन गेल्या.

आता पत्र्याच्या कारागिराकडे जाण्यावाचून गत्यंतर नव्हतं. गावाबाहेरच्या रस्त्यावर एकाचं वर्कशॉप होतं. त्याला सगळे ठिणगी म्हणत, अर्धं कामावरून आणि अर्धं स्वभावावरून. गाडीला पुन्हा टोचन लावून डॉक्टर तिथे पोचले तेव्हा तो तोंडावर काळी ढाल धरून वेल्डिंग करत होता. ढाल खाली आली आणि दोघांनीही एकमेकांना ओळखलं. मागे कधीतरी हा माणूस दवाखान्याच्या खुर्चीतून अर्ध्या रूट कॅनालवर उठून पळाला होता. गळ्यातल्या हिरव्या टॉवेलसकट. तो टॉवेल आता समोरच्या खिळ्यावर टांगलेला होता. त्याला काळं ग्रीस लागलं होतं.

टॉवेलाबद्दल दोघंही बोलले नाहीत.

ठिणगी गाडीखाली सरकला. बराच वेळ खालून नुसती ठकठक ऐकू येत होती. मग आवाज आला, “इतके दिवस काय करत होता?”

डॉक्टर चष्मा पुसू लागले.

“हे मडगार्ड कुणी भरलं होतं?”

“मीच. घरच्या घरी.”

ठिणगी बाहेर आला आणि त्याने डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टरांना ती नजर फार ओळखीची वाटली. दाढ ठणकतेय म्हणून तिच्यात लवंगा कोंबून येणाऱ्या माणसाकडे ते स्वतः तसंच पाहत.

“आतून सगळं पोखरलंय. वरवर भरून भागत नाही, डॉक्टर. मुळापासून करावं लागेल.”

“वाचेल ना?” डॉक्टरांनी विचारलं. स्वतःचा आवाज ऐकून ते चपापले. हा आवाज रोज समोरच्या खुर्चीतून यायचा.

“उघडल्याशिवाय सांगता येत नाही. पुढच्या आठवड्यात या.”

दुसऱ्या दिवशी एक बाई आल्या. गाल सुजलेला, दाढेचं नुसतं टरफल उरलेलं. डॉक्टरांनी आत पाहिलं, नेहमीचं वाक्य जिभेवर आलं आणि तिथेच अडकलं. ‘इतके दिवस’ एवढं बाहेर पडलं होतं. ते सावरून त्यांनी वाक्य कसंबसं पुरं केलं, “इतके दिवस... फार दुखलं असेल ना?” शेजारी उभ्या असलेल्या नर्सच्या हातातून ट्रे पडता पडता राहिला.

पुढचा आठवडा आला आणि गेला. त्याच्या पुढचाही. डॉक्टर दर वेळी जात, आणि गाडी जशीच्या तशी उभी असे. एकदा गॅस संपला होता, एकदा वीज गेली होती, एकदा ठिणगीच गेला होता, कुठे ते कुणालाच माहीत नव्हतं. दवाखान्यात पेशंटांना ताटकळत ठेवण्याचं सगळं पाप डॉक्टरांनी त्या वर्कशॉपमधल्या मोडक्या स्टुलावर बसून फेडलं. तिथे वाचायला एकच मासिक होतं, आणि त्याची निम्मी पानं फाडून हात पुसले होते.

शेवटी एकदा गेले तर ठिणगी गालावर पालथा हात धरून बसलेला. एक डोळा सुजेने मिटला होता.

“तीच दाढ?” डॉक्टरांनी विचारलं.

“कुठली दाढ? वाऱ्यामुळे आलीय सूज.”

“गाडी राहू दे. चला दवाखान्यात.”

“आधी गाडी होऊ दे. मग बघू.”

“या गालाने तुमच्याच्याने गाडी होणार आहे का? अहो, तुम्ही उभ्या आगीशी खेळता आणि माझ्या एवढ्याशा सुईला भिता?”

“आग माझ्या हातात असते,” ठिणगी म्हणाला. “सुई तुमच्या हातात असते.”

स्टुलावर बसून बसून डॉक्टरांनाही हे एव्हाना पटलं होतं.

ठिणगी आला, पण वेल्डिंगचा काळा चष्मा लावून. म्हणे दिसलं नाही की दुखत नाही. डॉक्टरांनी इंजेक्शन हातात घेतलं आणि मनात आलं, आपली गाडी या माणसाकडे आहे. याला जरा जरी दुखलं तर... आणि त्यांचा हात थरथरला. चांगला दिसण्यासारखा थरथरला. नर्सने पाहिलं, डॉक्टरांनी पाहिलं. न पाहणारा एकच होता, कारण त्याने काळा चष्मा लावला होता. डॉक्टरांनी हात खाली घेतला, दोन घोट पाणी घेतलं, आणि मग इतक्या हळुवारपणे काम केलं, की संपलं तेव्हा ठिणगी घोरत होता.

उठल्यावर त्याने जीभ फिरवून पाहिली, गाल दाबून पाहिला, आणि म्हणाला, “हे एवढंच होतं?” डॉक्टर म्हणाले, “एवढंच होतं.” मग दोघंही खजील होऊन हसले.

दुखणं थांबल्यावर ठिणगीच्या अंगात असा उत्साह संचारला, की त्याने सगळं काम सलग उरकलं. तळ नवा, दाराखालचे पट्टे नवे, मडगार्ड नवं. गळून पडलेला सायलेन्सरही परत जोडला. रंगही त्यानेच मारला, आकाशी. फक्त आनंदाच्या भरात डाव्या बाजूची चौकट त्याने केसभर तिरकी जोडली, त्यामुळे पुढचं डावं दार लागेना. ठिणगीने ते खांद्याने, कुल्ल्याने, लाथेने लावून पाहिलं.

“हवा खेळती राहील,” तो म्हणाला.

इंजिनाला मात्र डॉक्टरांनी कुणाला हात लावू दिला नाही. काहीतरी आपल्या हातचं हवं ना! गाडी घरी आल्यावर पुस्तक आणलं, इंजिन खोललं, पुसलं, परत जोडलं. जोडून झाल्यावर मूठभर नट उरले.

“हे कुठले?” बायकोने विचारलं.

“कंपनी जास्तीचे देत असेल. शर्टाला नाही का, एक बटण जास्तीचं देतात.”

सासूबाई तेवढ्यात तिथे होत्या. त्या म्हणाल्या, “शर्टाला एक देतात हो. मूठभर देत नाहीत.” जावयाची थट्टा त्यांनी पहिल्यांदाच केली होती. डॉक्टरांना राग यायला हवा होता, पण त्यांना उगाचच बरं वाटलं.

इंजिन सुरू करायचा मुहूर्त सकाळचा ठरला. गल्लीतले चार लोक जमले. डॉक्टरांनी किल्ली फिरवली. गाडी खाकरली. पुन्हा फिरवली. गाडीने एक लांब ढेकर दिली, मग धाडकन आवाज झाला आणि सायलेन्सरमधून काळा गोळा सुटला. त्यात काजळी होती, पाणी होतं, आणि कुठल्याशा उंदराने पिढ्यानपिढ्या गोळा केलेला संसार होता. हा सगळा ऐवज सरळ जाऊन बसला तो शेजारच्या वहिनींच्या दोरीवर. तिथे पांढऱ्या चादरी वाळत होत्या. नेमक्या पांढऱ्या.

वहिनी बाहेर आल्या. चादरींकडे पाहिलं. “डॉक्टर,” त्या शांतपणे म्हणाल्या, “कीड लागलीय. बघता का?”

सगळी गल्ली हसली. त्या दिवशी डॉक्टरांनी अंगणात बसून सगळ्या चादरी स्वतः धुतल्या. ज्या हातांना थरथर ठाऊक नव्हती, ते हात कोपरापर्यंत साबणात. येणारा-जाणारा थांबून विचारत होता, “डॉक्टर, दवाखाना बंद केलात की काय?” आणि गाडी? ती त्या एका स्फोटानंतर जी गप्प झाली ती झालीच. प्लग बदलले, बॅटरी बदलली, पुस्तकातलं ते पान पाठ झालं. गाडी ढिम्म हलेना.

डॉक्टरांनी ताडपत्री टाकली आणि विषय बंद केला. गाडीचं नाव निघालं की ते उठून दुसऱ्या खोलीत जात. खरी पंचाईत अशी होती, की बायको काही बोलत नव्हती. तिने टोमणा मारला असता तर परवडलं असतं. ती नुसती ताटात आणखी एक पोळी वाढायची. हॉस्पिटलात वाईट बातमी द्यायची असली की माणसं कशी मऊ बोलतात, तसं तिचं वागणं मऊ झालं होतं. डॉक्टरांना त्यावरून कळलं, की आपली परिस्थिती गंभीर आहे.

अशातच सासूबाईंनी मागची सीट पूर्ण केली. जाड कापड, दुहेरी शिवण, कडेला गोट. ठेवायला जागा नाही म्हणून त्यांनी ती बैठकीत भिंतीला लावली आणि वर स्वतः बसल्या. डॉक्टर दवाखान्यातून आले. जुना सोफा सोडून तेही त्या सीटवर टेकले. पाठ अशी विसावली की बस्स!

“आई, उत्तम झालीय हो. पण उपयोग काय? गाडी काही होत नाही.”

“गाडी तुमची. ती झाली नाही,” सासूबाई म्हणाल्या. “सीट माझी. ती झाली. मी कशाला वाईट वाटून घेऊ?”

डॉक्टरांनी शिवणीवरून बोट फिरवत विचारलं, “तुम्ही शिवलेलं कधी बिघडलं का हो?”

“वा! एकदा अख्ख्या वर्गाचे सदरे शिवले, सगळ्यांचा डावा हात आखूड. शाळेने परत पाठवले. तुमचे सासरे म्हणाले, सोडून दे हे काम. उसवले आणि पुन्हा शिवले. दुसरं काय करणार होते, कापड तर कापून बसले होते.” आणि त्या हसायला लागल्या. त्या इतकं हसतात हे डॉक्टरांना इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. त्या संध्याकाळी दोघं त्या सीटवर बसून बराच वेळ गप्पा मारत होते, आणि जेवलात का हे कुणीच विचारलं नाही.

काही दिवसांनी डॉक्टर दुपारी लवकर घरी आले तर अंगणातली ताडपत्री बाजूला पडलेली. बॉनेट उघडं. बायको आत वाकलेली, कानात स्टेथोस्कोप. त्याचं दुसरं टोक इंजिनावर.

“काय करतेस?”

“शू! आई, फिरव आता.”

ड्रायव्हरच्या जागी सासूबाई एका स्टुलावर बसल्या होत्या. त्यांनी किल्ली फिरवली. बायकोने डोळे मिटून ऐकलं आणि सरळ उभी राहिली. “हृदय ठीक आहे. श्वासच नाहीये. पेट्रोल पोचत नाही वरपर्यंत.”

“तू तर हात लावणार नव्हतीस!”

“नव्हते लावणार. पण रोज जाता-येता दारात पेशंट पडलेला दिसतो. बघवेना.” तिने पेट्रोलची नळी सोडवली, तोंडाला लावली आणि जोरात फुंकली. तिचा चेहरा वेडावाकडा झाला, ती थुंकली, पुन्हा फुंकली. नळीतून काळपट चिखलाची गोळी टुपकन बाहेर पडली. “आम्हाला पहिल्या दिवशी शिकवतात. आधी श्वासाची वाट मोकळी आहे का बघायचं, मग बाकीची अक्कल पाजळायची. तुमच्यात नाही का शिकवत?”

“आमच्यात तोंड उघडंच असतं,” डॉक्टर पडेल आवाजात म्हणाले.

नळी परत जोडली. सासूबाईंनी किल्ली फिरवली. गाडी खाकरली, शिंकली, अंगभर थरथरली आणि चालू झाली. चालूच राहिली. आवाज ऐकून वहिनी धावत बाहेर आल्या आणि आधी दोरीवरचे कपडे काढून आत घेऊन गेल्या. मग टाळ्या वाजवल्या.

डॉक्टरांनी बायकोकडे पाहिलं. गालावर ग्रीसचा पट्टा, तोंडाला पेट्रोलचा वास. त्यांना खूप काही म्हणायचं होतं. ते म्हणाले, “चूळ भर.”

पुढच्या सीटाही शिवून झाल्या, सगळ्या गाडीत बसल्या, आणि पहिली फेरी त्याच आठवड्यात निघाली. डॉक्टर गाडी चालवायला, शेजारी बायको, मागे सासूबाई. “सीट माझी आहे, मी बसणारच,” हे त्यांनी आधीच जाहीर केलं होतं. डावं दार लागत नव्हतं, ते बायकोने बँडेजच्या पट्टीने आतून पक्कं बांधलं आणि स्वतः ड्रायव्हरच्या बाजूने सरकून आत गेली. डॉक्टरांनी खिडकीतून कोपर बाहेर काढलं. लोक वळून पाहत होते. हात हलवत होते. डॉक्टर मान तुकवून अभिवादन स्वीकारत होते. अशा थाटात ते मोठ्या चौकापर्यंत गेले, आणि सगळ्यांत वर्दळीच्या जागी, सगळ्या गाड्यांच्या पुढे, गाडी बंद पडली.

मागे भोंग्यांचा गजर सुरू झाला. मागच्याच लांबलचक, नव्या कोऱ्या गाडीतून एक गृहस्थ उतरले. परीटघडीचा शर्ट, हातात जाड घड्याळ. भांडायला आले असावेत, पण गाडी पाहून विरघळले. “वा! काय चीज आहे! विकणार का हो?”

डॉक्टर तोंड उघडणार तोवर बायकोचं आतून उत्तर आलं, “नाही.”

“आणि विकली तरी सीटा देणार नाही,” मागून सासूबाई म्हणाल्या.

डॉक्टर बायकोकडे बघतच राहिले. “माझ्याकडे काय बघतोस?” ती म्हणाली. “धक्का मारायला हवाय.”

डॉक्टर खाली उतरले, त्यांच्यामागून ती सरकत उतरली, मग डॉक्टर परत स्टिअरिंगवर. बायको आणि ते गृहस्थ धक्का मारू लागले. गाडी दिसायला छोटी, पण जुन्या काळचं पोलाद. गृहस्थांचा शर्ट पाठीला चिकटला, एक बटण तुटून गेलं, बूट घसरला. शेवटी एक जोरदार रेटा दिला तशी गाडी सुरू झाली. गृहस्थ गुडघ्यांवर हात ठेवून धापा टाकत उभे राहिले. त्यानंतर त्यांनी गाडीची किंमत विचारली नाही.

इकडे डॉक्टर निघाले. पण थांबले तर पुन्हा बंद पडणार, म्हणून ते चौकाच्या मधल्या वर्तुळाला वळसा घालून परत आले.

“अरे, थांब ना!” बायको ओरडली.

“थांबलो तर बंद पडेल!” म्हणेपर्यंत ते पुढे गेले होते. पुन्हा वळसा.

“मग मी कशी येऊ?”

“घरी ये!” पुन्हा वळसा.

“घराची किल्ली तुझ्याकडे आहे!”

पुढच्या फेरीला सासूबाईंनी मागच्या खिडकीतून लेकीला हात केला, निरोप द्यायला करतात तसा. चौकातला पोलीस शिट्टी तोंडात धरून नुसता बघत होता. कुठला नियम लावावा हे त्याला सुचत नव्हतं. शेवटी डॉक्टर घराच्या रस्त्याला वळले, आणि त्या भल्या गृहस्थांनी बायकोला आपल्या गाडीत घेतलं.

दारापाशी पोचल्यावर गाडी आपण होऊन बंद पडली, अगदी जिथे उभी करायची तिथेच. सासूबाई म्हणाल्या, “जावईबापू, चांगली चालवता हो.” पाठोपाठ ती लांबलचक गाडी आवाज न करता येऊन थांबली. बायको उतरली, गृहस्थांचे आभार मानले, आणि ते गेल्यावर अंगणातल्या गाडीला टेकून उभी राहिली. बॉनेट अजून गरम होतं.

“कशी होती त्यांची गाडी?” डॉक्टरांनी भीत भीत विचारलं.

“आवाज नाही, धक्का नाही, वास नाही. मला तर झोपच आली,” ती म्हणाली. मग डॉक्टरांच्या खिशात हात घालून तिने किल्ल्यांचा जुडगा काढला, घराची किल्ली त्यांच्या हातात दिली आणि गाडीची स्वतःजवळ ठेवली. “उद्या सकाळी परत काढू. मी चालवते. तू धक्का मार.”